जॉर्डनमधल्या तरुणांना सीरियन निर्वासित आपले वाटतात का?

थोडक्यात सांगायचं तर माणसं आपली वाटतात, गर्दी नको वाटते.

उत्तर जॉर्डनमधलं रमथा आणि सीरियातलं दरा ही सीमेच्या दोन बाजूंची गावं. दोन्हीकडे हौरानी ही अरबीची स्थानिक बोली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक. त्यामुळे 2011 मध्ये सीरियात यादवी पेटल्यावर आलेले लोक तिथे अगदीच परके नव्हते. कुरबुर सुरू झाली ती घरभाडं, पाणी आणि नोकरीवरून. 2012 मध्ये झातरीची छावणी उभी राहिली खरी, पण बहुतेक सीरियन छावणीबाहेर, मफ्रक-इर्बिदसारख्या शहरांत भाड्यानेच राहिले. पंचविशीतल्या बेकार पोराला मग शेजारचा सीरियन प्रतिस्पर्धी दिसणारच. (बेकारी आधीपासूनच होती, हे मात्र कुणी फारसं बोलत नाही.)

मला सगळ्यात खटकते ती दोन पाळ्यांची शाळा. बऱ्याच सरकारी शाळांत सकाळी जॉर्डनची मुलं, दुपारी सीरियन. बाक तोच, फळा तोच, पण एकाची सुटताना दुसऱ्याची भरते. ओळख व्हायची ती फाटकात, तीही कधी शिवीगाळीने. अशी वाढलेली मुलं एकोप्याबद्दल काय सांगणार? डिसेंबर 2024 मध्ये सीरियाचे अध्यक्ष असद यांची सत्ता गेल्यावर बरेच जण परतू लागलेत, तेव्हा सूर जरा मवाळ होईल असं मला वाटतं.