वकीलताईंना विचारा : अठरा पूर्ण झाली, आता पहिली सही कुठे?

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. 9 जुलै 2025 ला मला 18 पूर्ण झाली. मी आठ वर्षांची असताना वडील वारले. ते ट्रक चालवायचे. त्यांनी स्वतःच्या कमाईतून 1 हेक्टर 20 आर जमीन घेतली होती. सातबाऱ्यावर आता आजी, आई, मी आणि धाकटा भाऊ अशी चौघांची नावं आहेत. माझ्या आणि भावाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी आजीच्या ऑपरेशनसाठी आईने 20 आर शेजाऱ्यांना विकली, आमच्या वतीने तिनेच सह्या केल्या. जमीन चुलते कसतात. ते म्हणतात, ‘तू आता सज्ञान झालीस, भावाच्या नावे हक्कसोड करून दे, म्हणजे जमीन घरात राहील.’ येत्या गुरुवारी नोंदणी कार्यालयात जायचं ठरलंय, आधार कार्ड आणि दोन फोटो काढून ठेव म्हणालेत. आजी म्हणते की 21 झाल्याशिवाय सही चालतच नाही. आत्या म्हणते, 18 झाली, आता स्थळं बघायला घ्या. मला नर्सिंगला जायचंय. मी नाही म्हणू शकते का? आईला वाईट वाटेल अशी भीती वाटते.
(नाव दिलेले नाही)

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. गुरुवार जवळ आलाय म्हणून तेच आधी सांगते. सही करू नकोस. हक्कसोडपत्र करून द्यायला तुला कोणीही भाग पाडू शकत नाही, चुलते नाहीत, आई नाही, गावकी नाही. आधार कार्ड तुझ्याजवळच ठेव.

आता आजीचा 21 चा आकडा. तो तिने मनाने काढलेला नाही, एके काळी कायद्यातच होता. 1875 च्या सज्ञानता कायद्यात वय 18 च आहे, पण ज्या मुलाचा पालक कोर्टाने नेमलेला असे, तो 21 व्या वर्षापर्यंत अज्ञान धरला जाई. 1999 च्या दुरुस्तीने ते गेलं. शिवाय मुलाच्या लग्नाचं वय 21 आहे, त्यामुळे गावात दोन्ही आकडे एकमेकांत मिसळतात. तुझ्यापुरतं सांगायचं तर 9 जुलैचा दिवस उजाडला तेव्हापासून तू सज्ञान आहेस. तुझी सही चालते, आणि चालते म्हणूनच ती मागायला आलेत. गेल्या वर्षीपर्यंत तुला कोणी विचारलं होतं का, की ऊस लावायचा की सोयाबीन?

जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली होती आणि मृत्युपत्र नव्हतं, असं धरून सांगते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांची आई, बायको, मुलगा आणि मुलगी या चौघांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे आज उरलेल्या 1 हेक्टरात तुझे 25 आर, सुमारे 25 गुंठे. चुलत्यांचा त्यात कागदोपत्री काही संबंध नाही. आणि ‘भावाच्या नावे केली की घरात राहील’ याचाही नीट विचार कर. भाऊ अजून अज्ञान आहे. त्याच्या नावे झालेली जमीन तो 18 चा होईपर्यंत त्याच्या हातात नसेल. जे आज कसतात तेच उद्याही कसतील, फक्त विचारणारी एक मोठी बहीण कागदावरून गेलेली असेल.

हे मी इतक्या कळकळीने का लिहिते, ते सांगते. 1986 साली मी 19 वर्षांची होते. वडील वारून तीन वर्षं झाली होती. मोठ्या भावाच्या लग्नाआधी मला तालुक्याला नेलं, एका लांबड्या टेबलावर कागद ठेवला आणि बोट दाखवलं तिथे मी सही केली. संध्याकाळी घरी साडीचोळी दिली, हिरवी, किनारीवर मोर होते. माझा हिस्सा 1956 पासून कायद्यात लिहिलेला होता हे मला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला, वर्गात बसून कळलं. भावाशी माझं कधी भांडण झालं नाही, तो माणूस वाईट नव्हता. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ती साडी अजून आहे. नेसले नाही कधी.

हक्कसोडपत्र हा साधा कागद नव्हे. एकदा नोंदणी झाली की ‘मला कळलं नव्हतं’ एवढ्यावर तो रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो, त्यालाही साधारण तीन वर्षांची मुदत, आणि साक्ष द्यायला घरचं कोण येणार? तरीही गुरुवारी तुला नेलंच, तर एवढं लक्षात ठेव. तिथे तुझा फोटो काढतात, अंगठा मशीनवर घेतात आणि दुय्यम निबंधक विचारतात, हा दस्त तुम्ही करून दिलाय का, मान्य आहे का. बहुतेक मुली खाली बघून मान हलवतात. तू मान वर करून ‘नाही’ म्हणू शकतेस. ज्याच्या नावाने दस्त आहे त्याने तो करून दिल्याचं नाकारलं, तर त्याच्यापुरती नोंदणी नाकारावी लागते, हे 1908 च्या नोंदणी कायद्यातच आहे.

विकलेल्या 20 आरचं थोडं वेगळं आहे. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकायची तर आईलाही आधी कोर्टाची परवानगी लागते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 मध्ये तसं आहे. परवानगी घेतली नसेल, तर ती विक्री तुझ्या हिश्श्यापुरती तू रद्द करून मागू शकतेस, सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत, म्हणजे जुलै 2028 पर्यंत. आईचा आणि आजीचा हिस्सा गेला तो गेलाच. माझं स्वतःचं मत विचारशील तर घाई करू नकोस. पैसे आजीच्या ऑपरेशनला लागले, शेजाऱ्याने रीतसर मोजले, आणि दावा लावलास तर आई समोरच्या बाकावर बसेल. खरेदीखताची नक्कल मात्र आजच काढून ठेव. मुदत तुझ्या बाजूने आहे.

आता पहिली सही. ती गावातल्या तलाठ्याकडे कर, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान मुलाच्या वतीने त्याचा हिस्सा सांभाळणारी व्यक्ती. तू सज्ञान झालीस की हा शेरा तुझ्या नावापुढून कमी करून घ्यायचा असतो, आपोआप तो जात नाही. मी 40 वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ पाहिलंय, आई जाऊन दहा वर्षं झालेली. साधा अर्ज, सोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला आणि चालू सातबारा. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. यासाठी चुलत्यांची संमती लागत नाही, आईचीही नाही. अर्जाची पोच घे, तारखेसकट. भावाचा शेरा अर्थातच तसाच राहील.

लग्नाचं थोडक्यात. 18 च्या आत मुलीचं लग्न करता येत नाही, एवढंच कायदा सांगतो. 18 झाली की करायलाच हवं, असं कुठेही लिहिलेलं नाही. सज्ञान मुलीचं शिक्षण, राहणं, लग्न करणं किंवा न करणं हे तिचं तिने ठरवायचं असतं. जबरदस्ती होऊ लागली तर 112 किंवा महिलांसाठीची 181 ही हेल्पलाइन आहे. फीच्या पैशांची काळजी असेल तर नर्सिंगच्या प्रवेशाचे कागद भरतानाच शिष्यवृत्तीचंही बघ.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. 15100 वर फोन केलास तरी चालेल.

राहिली आई. तिने तुझ्या वतीने सह्या केल्या तेव्हा तिला कोर्टाच्या परवानगीचं कोणी सांगितलं नसणार. तिच्या डोक्यावरही त्याच दिराचा हात आणि तोच धाक आहे. तिच्या स्वतःच्या 25 गुंठ्यांचं हक्कसोडपत्र उद्या मागितलं जाणार नाही, याची खात्री मला वाटत नाही. म्हणून तिच्याशी भांडू नकोस. रात्री भाकऱ्या झाल्यावर सातबारा तिच्यापुढे ठेव, चार नावांवरून तिचं बोट फिरव आणि तिचं नाव तिलाच वाचायला लाव. गुरुवारी तिला बरोबर घेऊन तलाठी कार्यालयात जा. फेरफार क्रमांक मिळाला की मला कळव.