फ्लशची टाकी वाहते, नळाला धार नाही, स्कूटर सकाळी अडते. प्लंबर-मेकॅनिकला बोलावण्याआधी घरी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी पुण्यात उंड्रीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात. फ्लशची टाकी रात्रभर झुळझुळते, स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक झालीय, पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. आणि स्कूटर सकाळी कधी बटण दाबलं तरी आवाजच करत नाही, तर कधी पहिल्या फटक्यात सुरू होते. प्लंबर नुसतं बघायचेच पैसे सांगतोय, म्हणून घरच्या घरी काय जमेल असं विचारताय.

यातलं बरंचसं तुम्हाला जमेल. मी धायरीत राहतो आणि घरातली ही कामं वर्षानुवर्षं स्वतः करतो. मनापासून सांगतो, पाना हातात घ्यायची घाई करू नका. पाणी किंवा करंट कुठपर्यंत येतोय आणि कुठे अडतोय ते आधी शोधा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

फ्लशच्या टाकीचं आधी घेऊ, कारण तिथे पाणी वाया जातंय आणि तुमच्याकडे बहुतेक टँकर येत असणार. टाकी दोनच कारणांनी वाहते. एकतर वरचा बॉलकॉक (फुगा वर आला की पाणी बंद करणारा नळ) पाणी बंद करत नाही आणि जास्तीचं पाणी मधल्या नळीतून भांड्यात जातं, किंवा तळाचं रबर नीट बसत नाही आणि पाणी खालून झिरपतं. नेमकं काय ते ओळखायला झाकण काढा, टाकी भरू द्या, आत पाण्याच्या रेषेवर मार्करने खूण करा आणि टाकीखालचा अँगल कॉक (भिंतीतून पाणी येतं तिथला छोटा नळ) बंद करा. तासभर फ्लश वापरू नका. पाणी खुणेच्या खाली गेलं तर रबराचा दोष. खुणेवरच राहिलं आणि झुळझुळ थांबली तर बॉलकॉकचा.

रबर असेल तर लगेच नवीन आणायला धावू नका. टाकी रिकामी करून रबर उचला आणि ते ज्या गोल कडेवर बसतं तिच्यावरून अंगठा फिरवा. आमच्याकडे असंच वाहत होतं तेव्हा मला तिथे मोहरीहून लहान असा वाळूचा एकच कण लागला होता. तो पुसला, रबर साबणाने धुतलं आणि टाकी गप्प झाली. रबर कडक झालं असेल किंवा त्याला चीर असेल तर मात्र बदला. जुनं रबर सोबत घेऊन दुकानात जा. फोटोवर मापाचा अंदाज येत नाही. जवळ मिळालं नाही तर रविवार पेठेत बोहरी आळीला चक्कर मारा.

बॉलकॉकचा दोष असेल तर तरंगणारा फुगा थोडा खाली घ्या. बहुतेक टाक्यांत त्यासाठी स्क्रू किंवा सरकती पट्टी असते. पाणी मधल्या नळीच्या तोंडापेक्षा साधारण इंचभर खाली थांबायला हवं.

नळ गळत असेल तर तेही मनावर घ्या. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी जातं.

धारेचं सोपं आहे. घरातले बाकीचे नळ जोरात येतात का ते बघा. सगळेच मंद असतील तर प्रश्न वरच्या टाकीचा किंवा सोसायटीच्या व्हॉल्व्हचा आहे, तुमच्या हातात नाही. एकच मंद असेल तर त्याच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि जाळीशिवाय नळ सोडा. धार जोरात आली तर जाळीच चोंदलीय. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर तिच्यावर बसतो. महापालिका गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तेव्हा शुक्रवारच्या गढूळ पाण्यातला गाळही तिथेच अडकतो. जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. जाळी काढूनही धार बारीकच राहिली तर सिंकखालचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का बघा.

बाथरूमच्या वासाला तर औषध एक तांब्या पाणी. जमिनीवरच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साठलेलं पाणीच गटाराची हवा अडवतं. वापर नसला की ते वाळून जातं. आठवड्याला एकदा पाणी ओता. तरीही वास राहिला तर मग प्लंबर.

आता स्कूटर. तुमचं वर्णन वाचून मला माझी दोन वर्षांपूर्वीची सकाळ आठवली, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. माझीही गाडी अशीच लहर लागेल तशी सुरू व्हायची. एका मेकॅनिकने बॅटरी बदलली. दोन दिवस गाडी चालली आणि पुन्हा तेच. मग एकदा पहाटे पार्किंगमध्ये मी ब्रेक दाबून बटण दाबत होतो, तेव्हा लक्षात आलं की मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतच नाहीये. उजवा ब्रेक सोडून डावा दाबला, भिंत लाल झाली आणि गाडी लगेच सुरू झाली. बॅटरी आधीपासून चांगलीच होती. ब्रेकच्या दांडीतला बोटाच्या पेराएवढा स्विच धुळीने अडकत होता.

स्कूटरचा सेल्फ ब्रेक दाबल्याशिवाय फिरत नाही, आणि ब्रेक दाबलाय हे गाडीला तो स्विच सांगतो. बहुतेक गाड्यांत मागचा ब्रेकचा दिवाही त्याच स्विचवर लागतो. म्हणून बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर आधी मागचा दिवा बघा, मग दुसरा ब्रेक दाबून बघा. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असला तरी गाडी सुरू होत नाही, तेही तपासा. स्विच खराब निघाला तर नाना पेठेत तुमच्या मॉडेलचा मिळेल.

आवाज कट-कट असा येत असेल आणि मीटरवरचे दिवे मंदावत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा बॅटरी किंवा तिची टर्मिनलं. बॅटरीवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर आधी मायनसची वायर सोडा, मग प्लसची. साफ करून घट्ट बसवा, बसवताना आधी प्लस. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२च्या खाली असेल तर उतरलीय. गाडी चालू असताना आकडा साधारण १४वर जायला हवा. गेला नाही तर बॅटरी चार्जच होत नाहीये, नवी टाकली तरी ती उतरेल.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, असं असेल तर पेट्रोल किंवा स्पार्क प्लग. २०२०नंतरच्या बीएस-६ स्कूटरमध्ये बहुतेक इंजेक्शन असतं, म्हणजे पंप पेट्रोल इंजिनकडे दाबाने पाठवतो. अशा गाडीची चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकू यायला हवी. पावसात उघड्यावर उभी राहिली असेल तर पेट्रोलच्या टाकीत पाणी गेलं असण्याची शक्यता धरा. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. प्लग बाहेर काढून ठिणगी बघायचा प्रयोग मात्र घरी करू नका, पेट्रोलची वाफ पेट घेते.

आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर सेल्फला हात लावू नका. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवर एकतानगरीत शिरलं, तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि थोडक्यात भागलं असतं ते काम हजारांवर जातं. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर गाडी ढकलत किंवा टेम्पोने न्या.

ब्रेकचे लायनर, गिझरची वायरिंग आणि भिंतीतली पाइपलाइन, या तीन ठिकाणी मीही हात घालत नाही. तिथे माणूस बोलवा. पण बोलावताना नुसतं "टाकी वाहते" असं न सांगता "कॉक बंद करून तासभर बघितलं, पाणी खुणेच्या खाली गेलं" असं सांगा. तो बरोबर रबर घेऊनच येईल. भिंतीतल्या लाइनचा खर्च सहसा घरमालकाचा, त्यांना आधी फोटो पाठवा.

उद्या सकाळी स्कूटर अडली की दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून मागचा दिवा कशावर लागतो ते बघा आणि गाडीचं मॉडेल, वर्ष खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.