चार जिने चढून ये

अगं बाय,

युरोपला न्यायच्या सामानाचा रात्री साडेअकराला पाठवलेला फोटो बघितला. पलंग कुठे आहे ते शोधावं लागलं. तीन जॅकेटं, दोन जीन्स, बुटांचे दोन जोड, ते लाल लोकरीचं काहीतरी ज्याचं लेबलसुद्धा अजून निघालेलं नाही, आणि कोपऱ्यात तुझ्या आईने हळूच सरकवलेली चण्याच्या पिठाची पिशवी. खाली तुझा मेसेज, "काका, यातलं काय काढू?" आणि पाच मिनिटांनी दुसरा, "की सरळ मोठी बॅगच घेऊ?" तेव्हाच उत्तर देणार होतो पण काकी म्हणाली रागात काही टाइप करू नका, सकाळी लिहा. आता चहा घेऊन बसलोय, राग अर्धाच उतरलाय.

मोठी बॅग घ्यायची नाही. जे स्वतःच्या हाताने उचलून चार जिने चढवता येत नाही ते न्यायचंच नाही. चाकं आहेत ना, असं मला सांगू नकोस, चाकं मोपा विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चालतात. लिस्बनचे फुटपाथ म्हणजे चुनखडीच्या छोट्या छोट्या तुकड्यांची नक्षी, दिसायला सुंदर, पावसात निसरडी, आणि शहर सगळं टेकड्यांवर वसलेलं. तिथल्या अल्फामा या जुन्या वस्तीत पत्त्यावर गल्ली लिहिलेली असते, जाऊन बघितलं तर जिना. पोर्तोला वरून नदीकडे उतरायचं तर परत पायऱ्याच. म्हणजे चाकांची बॅग शेवटी उचलावीच लागते, फक्त तेव्हा तिच्यात वीस किलो असतात आणि मागे दहा माणसं खोळंबलेली असतात.

तुला वाटत असेल काका हे सगळ्यांनाच ऐकवतात. ऐकवतो, कारण २०१४ ला आम्ही पोर्तुगालला गेलो तेव्हाचं खरं तुला कुणी सांगितलेलं नाही. घरात फोटोच फिरतात.

आम्ही दोघं, बारा दिवस, आणि तीन मोठ्या बॅगा. तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन लिहिलेल्या, मग काय, पंगतीत वाढपी समोर आला की पोट भरलेलं असलं तरी पान पुढे करतो तसं मी भरत गेलो. काकी म्हणत होती की दोन स्वेटर पुरे, एकच बॅग करूया. मी ऐकलं नाही. काकीने तीस वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळली, जन्म कसर आणि वाळवीशी भांडण्यात गेला तिचा. तिने कुठेतरी वाचलेलं की कुइंब्राच्या विद्यापीठात अठराव्या शतकातली जुआनिना लायब्ररी आहे आणि तिथे पुस्तकातले किडे खायला वटवाघळं राहतात, खरीखुरी, रात्री टेबलांवर चामडं घालून ठेवतात त्यांची घाण पडू नये म्हणून. अख्ख्या प्रवासात तिचं मागणं एवढं एकच. लिस्बनहून पोर्तोला जाणारी गाडी कुइंब्राला थांबते, तिथे उतरायचं, विद्यापीठ वर टेकडीवर आहे ते बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे जायचं. गाडी थांबली. मी वरच्या रॅककडे बघितलं, दाराशी रचलेल्या बॅगांकडे बघितलं, आणि म्हटलं, पुढच्या खेपेला. ती काही बोलली नाही. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून फलाटावरची पाटी वाचत बसली.

मग तिचे दोन्ही गुडघे गेले, ऑपरेशनं झाली, पुढची खेप राहिली ती राहिलीच.

आता माझीही बाजू ऐक, अगदीच मूर्ख नव्हतो मी. माझा मेव्हणा तेव्हा तिथेच होता, त्याने यादी पाठवलेली, सोलां, पापड, हळद, दोन किलो उकडे तांदूळ, त्याच्या पोरांना कपडे. नाही म्हणायचं कसं? एक बॅग तर जवळजवळ त्याचीच होती. पण राहिलेल्या दोन? त्या माझ्याच. रोज फोटोत वेगळा स्वेटर दिसायला हवा, फोंड्यातले लोक काय म्हणतील, ही माझीच हौस. तांदूळ तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होते तो भाग वेगळा.

तर आता तुझा ढीग. आधी ते तपकिरी बूट, आत्येभावाने दिलेले ना? त्याच्या कपाटात किती वर्षं होते? आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत चामड्याला बुरशी येते ती पुसता येते, पण तळव्यातला तो फोमसारखा थर बऱ्याच बुटांत पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा असतो, तो दमट हवेत नुसता ठेवूनच आतून कुजतो. वरून बूट नवाकोरा दिसतो. माझा असाच, एकदाच घातलेला, सोल लिस्बनच्या मेट्रोत निघाला, शिळ्या केकसारखे तुकडे मागे पडत गेले आणि मी पायाला रबरबँड बांधून दुकान शोधत फिरलो. अंगठ्याने सोल दाबून बघ, वाकवून बघ, भेग दिसली किंवा भुगा हाताला लागला तर परत कर. त्या निळ्या रेनकोट जॅकेटचंही आतलं अस्तर चाचपून बघ, चिकट लागत असेल किंवा पापुद्रे सुटत असतील तर त्यातून पाणी आत येणार. एकच जोड ने, रोजच्या सवयीचा, ग्रिप असलेला, आणि तो पायात घालूनच विमानात बस.

थंडीबद्दल तुमचा सगळ्यांचा एक गैरसमज आहे की जाड कपडा म्हणजे ऊब. आपण गोव्यातली माणसं, डिसेंबरात पहाटे पारा २० वर आला की कानटोपी काढतो, आपल्याला काय कळणार. ऊब देते ती कपड्यांच्या मध्ये अडकलेली हवा. म्हणून अंगाला चिकटून पातळ थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर हलकं फुगीर जॅकेट, आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट टोपीसकट. चारही मिळून तुझ्या त्या एका ओव्हरकोटापेक्षा कमी भरतील. नोव्हेंबरच्या शेवटी लिस्बनला दिवसा पंधराएक डिग्री असेल, तिथे फुगीर जॅकेट बॅगेत जाईल. व्हिएन्ना आणि प्रागला शून्याच्या आसपास, तिथे सगळं अंगावर येईल. आणि आत गेलीस की, ट्राम म्हण, म्युझियम म्हण, हीटर चालूच, वीसबावीस डिग्री. जाड कोटवाली माणसं तिथे घामाने भिजतात आणि तशीच परत बाहेर वाऱ्यात जातात. छत्री नेऊ नकोस, पोर्तोत समुद्रावरचा वारा पहिल्याच दिवशी उलटी करतो तिला.

जीन्स दोन्ही काढ. एकेक पाऊण किलोच्या आसपास भरते आणि भिजली की तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत दोन दिवस ओली राहते. सुती कपडा घाम आणि पाणी धरून ठेवतो, थंडीत तोच अंगातली ऊब काढून घेतो. लोकरीचं उलटं आहे, तिच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पिऊन घेते तरी उबदार राहते, आणि मेरिनो मेंढ्यांची बारीक लोकर असेल तर चार दिवस घातली तरी वास मारत नाही. महाग आहे, मला माहीत आहे, पण त्या लाल लोकरीच्याचे पैसे आठव जरा. दोन मेरिनोचे टीशर्ट, लोकरीचे मोजे चार जोड, दोन पातळ पँटी, आतले कपडे पाच दिवसांचे. गळ्याला, कानाला, हाताला काहीतरी घे, त्याला वजन नसतं आणि थंडी तिथूनच शिरते.

पाच दिवसांचे का, तर धुवायचे. चौदा दिवसांना चौदा ही हॉटेलात कधी कपडे न धुतलेल्या माणसाची गणितं. बेसिनमध्ये साबण लावायचा, पिळायचं हलक्या हाताने, मग टॉवेल जमिनीवर पसरून त्यात तो टीशर्ट पातोळीसारखा दुमडून घ्यायचा आणि वर उभं राहायचं. टॉवेल सगळं पाणी ओढतो. सकाळपर्यंत सुकतं. मी आता कुठेही जातो तो सात किलोत, गेल्या वर्षी बेळगावच्या लग्नालासुद्धा पाठीवरची एकच सॅक होती, तिथे माझ्यावर विनोद झाले, होऊदेत. तीन दिवस एकच स्वेटर घातला म्हणून कुणी जेवायला नाही म्हटलं नाही मला.

आईचं काय करायचं. ती ऐकणार नाही, मला ठाऊक आहे, पण तिला हे सांग की बाहेरून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊच देत नाहीत, म्हणजे चोरीस सॉसेज, तूप, पेढे सगळं बाद. नियमात नारळ चालतो. पण तिला हे अजिबात सांगू नकोस, नाहीतर नारळ भरेल. खोबरेल तेलाची बाटलीही नको, खोबरेल चोविसेक डिग्रीच्या खाली थिजतं, मी व्हिएन्नात बाटली गरम नळाखाली धरून अर्धा तास उभा होतो आणि काकी बाहेरून दार वाजवत होती. चण्याचं पीठ काढ. कुठे करणार आहेस तू झुणका, प्रागच्या हॉस्टेलात?

आणखी एक, पोर्तो-व्हिएन्ना तिकीट स्वस्तातलं काढलंयस ना, त्यावर फुकट बॅग कुठली आहे ते आत्ताच नीट वाच. बऱ्याच स्वस्त तिकिटांत सीटखाली मावणारीच फुकट असते, वरच्या रॅकची वेगळी विकत घ्यावी लागते, आणि गेटवर मागतात ते पैसे कधीकधी तिकिटाहून जास्त. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच ठेव. मोपाला ३३ डिग्रीत बूट आणि जॅकेट घालून घाम येईल, लोक बघतील, बघूदेत. खिशात जे मावेल ते खिशात.

मला माहीत आहे तू म्हणशील काका, मी तरुण आहे, मला उचलेल. उचलेल गो. मलाही उचललं होतं, तीन बॅगा मी उचलल्या, कुठेही पडलो नाही. प्रश्न तो नव्हताच. बॅग उचलता येते तरी गाडी मधे थांबली की पटकन उतरता येत नाही. तू लिस्बनहून पोर्तोला त्याच गाडीने जाणार आहेस. तुझ्या यादीत कुइंब्रा नाही ते मी बघितलंय, सारखं सांगणार नाही, तुझा प्रवास तुझा. काकीला मात्र यातलं काही बोलू नकोस.

रविवारी बॅग भरून आमच्याकडे ये. लिफ्ट चालू आहे, पण तू जिन्याने चौथ्या मजल्यावर ये, मधे टेकायचं नाही. दारात हुकाचा वजनकाटा घेऊन उभा असेन, आठ किलोच्या वर भरली तर तिथेच हॉलमध्ये उघडायची आणि काकी सांगेल ते काढायचं, ती माझ्यापेक्षा कडक आहे. चण्याचं पीठ वेगळ्या पिशवीतून आण, दुपारी पिठलं होईल.

तुझा,
काका