लेसर 'सोडतात' की 'रोखतात'?

प्रश्न असा आलाय की विज्ञानकथेत नायकाने 'लेसर किरण सोडला' असं असतं, पण लेसर म्हणजेच किरण, मग ही 'पिवळं पितांबर'सारखी द्विरुक्ती नाही का?

मला नाही वाटत. लेसर हे इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेलं नाव, अर्थ 'प्रारणाच्या उद्दीपित उत्सर्जनातून प्रकाशाचं वर्धन' (प्रारण म्हणजे रेडिएशन; इथे त्याऐवजी 'किरणोत्सर्ग' लिहू नका प्लीज, तो युरेनियमवाला शब्द), म्हणजे मुळात नाव क्रियेचं, आणि आपण ते यंत्राला लावतो. १९६० साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर मेमनने माणकाची कांडी वापरून पहिल्यांदा चालवून दाखवलं ते यंत्र म्हणजे लेसर, त्यातून निघाला तो लेसरचा प्रकाश. त्यामुळे 'लेसर किरण' चालेल. फक्त किरण म्हणजे आकृतीतली जाडी नसलेली रेघ, खरा झोत पसरतो, म्हणून मला झोतासाठी परिभाषेतला 'शलाका' हा शब्द जास्त आवडतो. डोळ्याच्या बाहुलीएवढ्या, म्हणजे ५ मिमीच्या भोकातून लाल शलाका काढली तर ती कितीही शुद्ध असली तरी किलोमीटरभरावर तिचा ठिपका ३०-३५ सेंमीचा होणारच, तेवढ्या पसाऱ्यात जाळायची ताकद विरते.

माझी खरी तक्रार 'सोडला'बद्दल आहे. बाण सोडतात, गोळी झाडतात, कारण ती वस्तू सुटते, उडत जाते, मागे धक्का बसतो. प्रकाश सेकंदाला ३ लाख किमी जातो, तो 'येताना' दिसतच नाही, दिसतो तो लागल्यावर, त्यामुळे बाजूला उडी मारून तो चुकवणंही अशक्य. शलाका बाजूने दिसायला मधे धूळ किंवा धूर लागतो, अवकाशात तर काहीच दिसणार नाही. आणि धक्का म्हणाल तर १ मेगावॉटच्या शलाकेचाही जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम वजनाएवढा.

हां, स्पंद-लेसरला 'सोडणे' शोभेल, तो खरंच तुकड्यातुकड्याने प्रकाश देतो, पण पडद्यावर दिसतो तसा मीटरभर लांबीचा तुकडा म्हणजे सुमारे ३ नॅनोसेकंदांचा स्पंद, तो डोळ्याला उडताना कसा दिसणार!

सलग शलाका असेल तर ती एका जागी धरून ठेवावी लागते, तापायला वेळ द्यावा लागतो, आणि त्यासाठी आपल्याकडे 'रोखणे' हे नेमकं क्रियापद आहे, नजर रोखतो तसंच. 'तिने कुलपावर लेसर रोखला, कडी लाल झाली, मग वितळली.' मी तरी असंच लिहीन.