खोकताना लघवी सुटते आणि कंबरही धरते: दुखणं एकच आहे

तू लिहिलंयस की वय 26, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, म्हणजे फुप्फुसात चिकट कफ साठवणारा आणि पचनही बिघडवणारा जन्मजात आजार), राहायला साताऱ्यात. खोकला आला की लघवी सुटते, कंबर कायम धरलेली, आणि एसटीने पुण्याला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. मी सांगलीची, चाळिशीतली, आजार तोच. मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते.

पाणी आधी सुरू कर. पाणी कमी पडलं की कफ चिकट होतो, खोकला वाढतो, शौच कडक होऊन मूत्राशयावर दाब येतो. त्यात सीएफमध्ये चरबी नीट पचत नाही, म्हणून ऑक्झलेट (अन्नातला, खडे बनवणारा क्षार) जास्त शोषलं जातं आणि मूतखड्याचा धोका असतोच. म्हणजे उपाय म्हणून तू दुखणंच वाढवतेयस.

मला एका ठिकाणी 'मणक्यात गॅप' सांगून पट्टा दिला होता. लघवीचं त्यांनी विचारलं नाही, लाजेने मीही बोलले नाही. पुढे एका फिजिओ बाईंनी डब्याचं उदाहरण दिलं, आपलं धड म्हणजे डबा. झाकण म्हणजे श्वासपटल, बूड म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढे पोटाचे, मागे मणक्याला धरणारे. वर्षानुवर्षं खोकून डब्याचं बूड सैल पडतं. श्वासालाच जोर लागत असला की पाठ धरायला हेच स्नायू कमी पडतात, पोक येतं, कंबर बोलते.

चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवळतो ना, तसं खोकल्याच्या क्षणभर आधी आवळायचं आणि खोकला संपेपर्यंत धरायचं. एरवी सावकाश 8 वेळा आवळून सोडायचं, दिवसातून 3 दा, निदान 3 महिने. लघवी करता करता मात्र हा व्यायाम नको. नेब्युलायझर घेताना, कफ काढताना पाय जमिनीवर, पाठ ताठ. मी पलंगावर मुटकुळं करून बसायचे, ते सोडल्यावर महिन्याभरात कंबरेला फरक जाणवला. खोकला दाबायचा मात्र नाही हं, कफ निघालाच पाहिजे.

पण सगळं स्नायूंवर ढकलू नकोस. आपली हाडं लवकर ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि ड जीवनसत्त्व बघून घे. खोकताना पाठीत एकदम कळ येऊन तशीच राहिली तर एक्स-रे. सारखी लघवी होत असेल तर साखर आणि लघवी तपास, सीएफमुळेही मधुमेह होतो. अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असताना डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी मनाने घेऊ नकोस, दोन्ही मिळून किडनीवर येतं. आणि मांड्यांमधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठायचं.

फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या फुंकायच्या टेस्टला जाताना पॅड लावून जा. गळतीच्या भीतीने मी अर्धवट फुंकायचे आणि आकडे उगाच खराब यायचे. आता टेस्ट घेणारीला आधीच सांगते. तिला त्यात काही नवल वाटत नाही.