ग्राहकाकडून स्टब ॲक्सल (चाक बसवायचा आखूड आस) परत आला, फिलेटमध्ये (जाडी बदलते तिथल्या गोलसर कोपऱ्यात) गोल फिरलेला क्रॅक होता. एमपीआय (जॉब चुंबकित करून चुंबकीय पावडरने क्रॅक शोधणं) सोडून एडी करंट मशीन (प्रोबने जॉबमध्ये भोवरा प्रवाह निर्माण करून क्रॅक शोधणारं) घ्यावं का?

मशीनचं नंतर बघू. आधी सांगा, जॉबला कॉइल शॉट देता का, म्हणजे जॉब कॉइलमध्ये ठेवून कॉइलला करंट देता का? की दोन हेडमध्ये धरून जॉबमधूनच एक करंट मारला (हेड शॉट) आणि जॉब पुढे? फिलेटमध्ये गोल फिरलेला क्रॅक होता असं तुम्ही लिहिलंय. तो हेड शॉटला दिसत नाही, इन्स्पेक्टर कितीही तयार असू दे.

हेड शॉटला करंट लांबीने वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र जॉबभोवती गोल फिरतं. लांबीतला क्रॅक त्याला आडवा येतो, तिथे फ्लक्स बाहेर गळतो आणि पावडर धरली जाते. फिलेटमधला क्रॅक क्षेत्राच्याच दिशेने धावतो. गळतीच नाही, मग पावडर बसणार कुठे? कॉइलमध्ये मात्र क्षेत्र जॉबच्या लांबीने धावतं आणि हाच क्रॅक त्याला आडवा येतो.

आमच्याकडे ४० मिमी व्यासाचा, २०० मिमी लांबीचा जॉब असाच परत आला होता. ८०० अँपिअरचा हेड शॉट दिला, काहीच नाही. तोच जॉब डीमॅग करून (चुंबकत्व काढून) कॉइलमध्ये घेतला आणि यूव्ही दिव्याखाली फिलेटच्या मुळाशी बारीक हिरवी रेष उमटली. कॉइलचे अँपिअर-टर्न म्हणजे ४५००० भागिले लांबी-व्यासाचं गुणोत्तर. इथे गुणोत्तर ५, म्हणून ९००० अँपिअर-टर्न. ५ वेढ्यांच्या कॉइलला १८०० अँपिअर. हे सूत्र जॉब कॉइलच्या आतल्या कडेला टेकवून ठेवला तरच लागू होतं, मधोमध धरलात तर नाही. करंट जास्त झाला की फिलेटला उगाचही पावडर जमते. म्हणून डीमॅग करून, पुसून, कमी करंटवर पुन्हा बघितलं. खोटी खूण पसरट असते आणि करंट उतरवला की विरते. ही रेष तशीच धारदार परत आली. क्वेंच क्रॅक होता, म्हणजे तापवलेला जॉब झटकन थंड करताना गेलेला तडा.

कॉइल शॉट बंद का होता? सायकल टाइम. ‘आपल्या मालात लांबीतलेच क्रॅक येतात’ हे प्रॉडक्शनवाल्यांचं जुनं पालुपद. बारमधले सीम (लाटताना ओढले गेलेले दोष) लांबीत असतात, शाफ्टवरचे ग्राइंडिंग क्रॅकही बहुधा लांबीतच जातात, इथवर मान्य. पण क्वेंचला तडा जाडी बदलते तिथे जातो, आणि स्टब ॲक्सलमध्ये ती जागा फिलेटच. वाचवलेले सेकंद ग्राहकाच्या एका परतीत वाहून जातात. तेव्हा दोन्ही दिशांना शॉट, आणि प्रत्येक शॉटनंतर वेगळी तपासणी. बाथ (पाण्यात किंवा तेलात मिसळलेली पावडर) जॉबवरून वाहत असताना करंट द्या आणि त्याच क्षणी बाथ तोडा. करंट थांबल्यावरही बाथ वाहत राहिला तर जमलेली पावडर धुऊन जाते. शॉट निदान अर्ध्या सेकंदाचा, आणि दोनदा.

बाथ रोज तपासा. नीट ढवळून १०० मिली नमुना नळीत घ्या. पाण्याचा बाथ असेल तर ३० मिनिटांनी, तेलाचा असेल तर ६० मिनिटांनी बघा. फ्लुरोसंट (यूव्हीखाली चमकणाऱ्या) पावडरचा गाळ ०.१ ते ०.४ मिली हवा. यूव्ही दिवा ३८ सेंमीवर निदान १००० मायक्रोवॉट प्रति चौ. सेंमी, केबिनमधला उजेड २० लक्सच्या आत. फिल्टरवरची धूळ पुसल्याशिवाय दिव्याला दोष देऊ नका. उन्हात काळा होणारा चष्मा घालून तपासायला बसू नये.

आता एडी करंट. पोलादात १०० किलोहर्ट्झला प्रवाह जेमतेम ०.०७ मिमी आत जातो, आणि पारगम्यता (पोलाद किती सहज चुंबकित होतं ते) जागोजागी बदलत असल्यामुळे कडकपणातला फरकसुद्धा सिग्नल देतो. प्रोब फिलेटमध्ये जरा कलला की लिफ्ट-ऑफ, म्हणजे प्रोब आणि जॉबमधलं अंतर बदलल्याचा खोटा सिग्नल. प्रोब त्या रेडियसला घासून बनवलेला हवा, आणि मशीन तुमच्याच जॉबवर ०.२, ०.५ आणि १ मिमी खोल खाचा पाडून लावलेलं हवं. ॲल्युमिनिअम, टायटॅनिअम, पितळी नळ्या असतील तर एडी करंटच घ्या, तिथे एमपीआय चालतच नाही. दंडगोल पृष्ठभागाच्या शंभर टक्के स्वयंचलित तपासणीलाही ते छान. तुमच्या फिलेटसाठी मी घेणार नाही.

एक राहिलंच. ४५००० चं सूत्र जॉबचा छेद कॉइलच्या छेदाच्या दहा टक्क्यांहून कमी असेल आणि गुणोत्तर २ ते १५ मध्ये असेल तेव्हाचं. आकार वेडावाकडा असेल तर आकडेमोडीवर विसंबू नका. फिलेटलाच क्यूक्यूआय पट्टी (बारीक खाचा कोरलेली पातळ पोलादी पट्टी) चिकटवून त्या खाचा दिसतात का ते बघा. आणि शेवटी डीमॅग ३ गॉसच्या खाली, नाहीतर बेअरिंगमध्ये लोखंडाचा कीस ओढला जाईल.