तीन कामं आणि एक माणूस

“ताई, गेली चार वर्षं मी ३१ डिसेंबरच्या रात्री पुढच्या वर्षाचे संकल्प एका वहीत लिहिते. यंदा वही जरा आधीच काढली, म्हटलं बघू तरी काय काय झालं. चारही पानांवर तेच! वजन कमी करायचं, महिन्याला एक पुस्तक, गाणं पुन्हा सुरू, दादाशी बोलायचं. बरोबरची खूण एकाही ओळीपुढे नाही. हे वर्ष तर सगळंच वाया गेलं. मार्चमध्ये सासरे पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पुढचे पाच महिने त्यातच गेले (आता काठी घेऊन चालतात). मग ऑफिसात माझा विभाग बदलला. लेक अकरा वर्षांची आहे, तिच्याकडेही धड लक्ष दिलं नाही. वहीतून एक जुना फोटो पडला. दादा सायकल चालवतोय आणि मी मागे कॅरिअरवर. तो बघून रडूच आलं, का ते कळेना. यंदा यादी करू की नको? केली तर ती पाळू कशी? सोबत चारही पानांचे फोटो पाठवतेय. – एक यादीवाली, वय ३९”

यादीवाली बाई,

ताई म्हणालीस, तेव्हा मी सरळ अगं-तुगंवर येते. तुझं पत्र वाचलं, मग पानांचे फोटो मोठे करून दोनदा पाहिले. त्यात मला एक गोष्ट दिसली, जी पत्रात कुठेच नाही. ती सांगणार आहे, पण जरा थांब. आधी त्या ‘वाया गेलं’शी मला भांडायचंय.

“आता काठी घेऊन चालतात” हे तू कंसात लिहिलंयस. कंसात! खुब्याचं हाड मोडलेलं म्हातारं माणूस पुन्हा पायावर उभं राहतं ते आपोआप नाही गं राहत. कुणीतरी त्याला रात्री तीनदा कूस बदलून देतं, ‘आज नको’ म्हणत असताना चार पावलं चालायला लावतं, त्याची चिडचिड पोटात घालतं. हे पाच महिने तुझ्या घरात कुणी केलं, ते तू लिहिलं नाहीस, पण वर्ष वाया गेल्याचं खापर तू स्वतःवर फोडतेस त्यावरून मला कळलं.

आणि तुझं वर्ष तू कशावर तपासतेस, तर अशा यादीवर, जी लिहिली त्या रात्री तुला मार्च माहीत नव्हता. परीक्षा एका विषयाची झाली आणि पेपर दुसऱ्याच विषयाचा तपासला, असं झालं हे.

माझंही एक वर्ष असंच ‘वाया’ गेलं होतं. आईचं आजारपण. पुढे कधीतरी फोनमधली जागा संपली म्हणून जुने फोटो पुसायला बसले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एकाही माणसाचा चेहरा नव्हता. होत्या त्या औषधांच्या चिठ्ठ्या, गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू, खिडकीच्या काचेला धरून काढलेला एक्स-रे. आणि एक फोटो न्हाणीघराच्या दाराला लावलेल्या मापाच्या टेपचा. वॉकर आत जाईल की नाही ते बघायचं होतं. टेप धरलेला माझाच अंगठा कडेला दिसतोय, नखं वाढलेली. तो महिना मी ‘काहीच केलं नाही’ या खात्यात टाकला होता. ते फोटो मी पुसले नाहीत, जागा करायला दुसरं काहीतरी पुसलं.

म्हणून यंदा यादीच्या आधी एवढं कर. एखाद्या दुपारी बस (रात्री नको, रात्री सगळंच वाईट दिसतं) आणि जानेवारीपासून एकेक महिना फोनमधून काढ. फोटो, कॅलेंडर, मेसेज. प्रत्येक महिन्याला एकच ओळ लिही, की हा महिना कशात गेला आणि कुणाबरोबर. मार्क द्यायचे नाहीत. नुसतं आठवून मात्र लिहू नकोस, कारण आठवण मोठी लबाड असते. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट, त्यात पाण्याचा गारठा हळूहळू एका अंशाने कमी करत नेला. पुन्हा करायचं झालं तर कुठलं कराल असं विचारलं, तेव्हा बहुतेकांनी दुसरं निवडलं. म्हणजे त्रास जास्त वेळ, पण शेवट जरा बरा. आपण एखादा काळ आठवतो तो त्याच्या सगळ्यात तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून, किती काळ चालला ते फारसं धरतच नाही. आता तुझं बघ. तीव्र क्षण कुठला, तर सासरे पडले तो. शेवट कुठला, तर थकलेला डिसेंबर आणि ऑफिसातला नवा विभाग. यावरून वर्षाला मार्क दिलेस तर ते नापासच होणार. लेकीकडे लक्ष दिलं नाही म्हणतेस, तेही फोटोत शोध. अकरा वर्षांच्या मुलीला विचारलंस तरी चालेल. त्या खरं सांगतात, कधीकधी जरुरीपेक्षा जास्त खरं.

आता यादी. वजनाचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते उपचारात धर, नसेल सांगितलं तर पाचव्यांदा लिहू नकोस. पुस्तकांचा आकडा खोडून टाक, वाचन हे काही हप्ते फेडणं नव्हे.

गाणं ठेव. पण ‘गाणं पुन्हा सुरू’ ही इच्छा झाली, बेत नाही झाला. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली याच फरकावर एक निबंध लिहिला. नुसतं ‘करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की अमुक जागी अमुक करीन’ असं ठरवणारे लोक काम जास्त पार पाडतात. तेव्हा तू लिही, ‘संध्याकाळी ऑफिसातून आले, हातपाय धुतले की आतल्या खोलीत दार लावून दहा मिनिटं.’ दहाच. सूर लागला नाही तरी दहा, लागला तरी दहा. आणि एकवीस दिवसांत सवय लागते हे जे जो तो सांगत फिरतो, ते मनावर घेऊ नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८, कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. तुझं गाडं नेमकं इथेच अडत असणार असा माझा अंदाज आहे. ५ जानेवारीला एक दिवस हुकतो आणि तू वही मिटतेस ती थेट डिसेंबरात उघडतेस.

१ जानेवारीला एवढं डोक्यावर घेऊ नकोस. डिसेंबर या नावाचा अर्थच मुळात दहावा, कारण रोमन लोकांचं वर्ष एके काळी मार्चात सुरू व्हायचं. तुझंही यंदा मार्चातच सुरू झालं म्हण. नव्याने सुरुवात करायची हुरूप लोकांना वर्षारंभी येते तशी महिन्याच्या, आठवड्याच्या सुरुवातीलाही येते, वाढदिवसानंतरही येते. २०१४ साली अमेरिकेत तिघा संशोधकांनी व्यायामशाळेतल्या हजेऱ्या तपासून हे दाखवलं. चुकलीस तर येणारा सोमवार आहेच.

आता ते, जे मला पानांत दिसलं.

पहिल्या वर्षी तू लिहिलंस, ‘दादाशी बोलायचं.’ दुसऱ्या वर्षी ‘दादाला फोन करायचा.’ तिसऱ्या वर्षी ‘दादाला फोन’ आणि पुढे दोन उद्गारचिन्हं, दुसरं इतकं दाबून काढलेलं की कागद फाटलाय. चौथ्या वर्षी नुसतं ‘दादा’. क्रियापदच गेलं. बाकीच्या तीन ओळी चारही पानांवर शब्दाला शब्द सारख्या आहेत, जणू मागच्या पानावरून उतरवून काढल्या. बदलत गेली ती ही एकच ओळ. म्हणजे दर वर्षी तुझा हात तिथेच थांबत होता.

तुझ्या यादीत तीन कामं आहेत आणि एक माणूस आहे. वजन, पुस्तकं, गाणं हे तुझं तुझ्याशी आहे. जमलं नाही तर फार तर चुटपुट लागते. पण दादाची ओळ त्यांच्या रांगेत बसवलीस की तिथे न पडलेली खूण आळसासारखी दिसायला लागते. आळस नाहीये तो. भीती आहे. आणि मला वाटतं, सगळी यादीच तुला नकोशी होते ती या एका ओळीमुळे.

भांडण कशावरून झालं ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. चूक तुझी असेल, त्याची असेल. काही माणसांपासून लांब राहणंच बरं असतं, आणि दादा त्यातला असेल तर ती ओळ खुशाल खोड, मनात काही न ठेवता खोड. पण फोटो बघून रडू आलं म्हणतेस, त्यावरून तसं वाटत नाही.

तेव्हा ‘बोलायचं’ हा शब्द सोड. बोलणं म्हणजे तुझ्या डोक्यात सगळा हिशेब मिटवणं आहे, आधी कोण चुकलं, कोण आलं नाही, आईने कुणाची बाजू घेतली. ते डोळ्यांसमोर आलं की हात फोनपर्यंत जात नाही, चार वर्षं गेला नाही. त्यापेक्षा अगदी छोटं काहीतरी पाठव, ज्याला उत्तर द्यायची सक्ती नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५,९०० हून जास्त लोकांवर तेरा प्रयोग केले होते. बरेच दिवस संपर्क नसलेल्या माणसाला आपण आठवण काढलेली किती आवडेल याचा आपला अंदाज सहसा कमीच असतो, असं त्यात दिसलं. ते भांडलेल्या भावंडांबद्दल नव्हतं, हे मला मान्य आहे. दादा कदाचित वाचूनही गप्प बसेल. चार वर्षांच्या अबोल्यावर आठवडाभर गप्प राहायचा हक्क त्यालाही दे. लगेच दुसरा मेसेज करू नकोस, आणि निळ्या खुणा झाल्या का ते तासातासाने बघत बसू नकोस. (बघशील. मीही बघितलं असतं.)

३१ तारखेची वाट बघू नकोस. त्या दिवशी शुभेच्छांच्या शंभर मेसेजात तुझा एक हरवेल. रविवारी दुपारी वहीतला तो सायकलचा फोटो खिडकीपाशी उजेडात धर आणि फोनने त्याचा फोटो काढ. खाली लिही, ‘दादा, जुनी वही काढली तर हा सापडला. चेन कुणी पाडली होती आठवतंय?’ चेनचं मी मनाने घातलंय, तुला खरं जे आठवत असेल ते घाल. पाठव आणि आत जाऊन तुझी दहा मिनिटं गाऊन घे.

काय झालं ते मला कळव. काहीच झालं नाही, तरी कळव.

– ताई